तेहतिसावे प्रकरण

जुन्या जिल्हा कचेरीचा दप्तरखाना हा इतिहासाच्या अभ्यासकाला ग्रंथालयाइतकाच उपयोगी पडतो. काही वर्षांपूर्वी, ज्या जिल्ह्यात मी नोकरीस होतो, तेथील दप्तरखान्याची आवराआवर चालली असता १८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची एक जीर्ण प्रत माझ्या हाती आली. सरकारी कचेऱ्यांत कायद्याची पुस्तके वरचेवर नवी घेतली जात नसत. कायद्यात दुरुस्ती झाली की दुरुस्तीची छापील चिठ्ठी येई आणि कारकून ती खळ लावून योग्य त्या पानावर चिकटवून टाकी. हाती आलेल्या प्रतीत तेहतिसाव्या प्रकरणावर अशा चिठ्ठ्यांचे थर बसले होते. खाली मूळ मजकूर, त्यावर १९२३ च्या दुरुस्त्या, आणि या साऱ्यावर १९४९ साली मारलेली तांबड्या शाईची एक आडवी रेघ. त्या प्रकरणाचा विषय होता, युरोपियन व अमेरिकन आरोपींविरुद्ध चालवावयाचे फौजदारी खटले. आरोपीच्या कातडीचा रंग पाहून त्याचा न्याय कोणी करावा, त्याला किती शिक्षा द्यावी आणि त्याच्या ज्युरीत कोणी बसावे, हे त्या प्रकरणाने ठरविले होते. ती तांबडी रेघ ओढली जाण्यास एवढा काळ का लागला, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ब्रिटिश अमदानीतील दंडविधान गुन्ह्याच्या व्याख्येत वर्णभेद करीत नव्हते. १८६० साली संमत झालेली भारतीय दंडसंहिता गोऱ्याला एक आणि काळ्याला एक अशी नव्हती. खून तो खून आणि चोरी ती चोरी, गुन्हेगार कोणीही असो. या संहितेचा इंग्रज राज्यकर्त्यांना अभिमान वाटे, आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. परंतु गुन्ह्याची व्याख्या करणारा कायदा निराळा आणि गुन्ह्याची चौकशी कशी करावी हे सांगणारा कायदा निराळा. पहिल्या कायद्यात जी समता दारातून आत आली, ती दुसऱ्या कायद्याने खिडकीतून बाहेर घालविली. कामकाजाच्या नियमांकडे सामान्य माणसाचे लक्ष जात नाही. ते वकिलांचे आणि कारकुनांचे क्षेत्र समजले जाते. म्हणूनच विषमतेला लपावयास त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नसते.

या भेदाचे मूळ कंपनीच्या काळात आहे. कलकत्त्यास १७७४ साली सुप्रीम कोर्ट स्थापन झाले. पुढे मुंबई व मद्रास येथेही तशीच न्यायालये आली. मुफस्सलात राहणाऱ्या इंग्रज माणसाने गंभीर गुन्हा केला, तर त्याचा खटला या राजधानीच्या शहरातील न्यायालयापुढेच चालावयाचा असे. जिल्ह्यातील कंपनीच्या फौजदारी अदालतीला त्याच्यावर अधिकार नव्हता. १८१३ च्या सनदी कायद्याने मारहाण व जमिनीतील अतिक्रमण यांसारख्या किरकोळ बाबतींत जिल्हा मॅजिस्ट्रेटला थोडा अधिकार दिला, तोही ५०० रुपयांपर्यंत दंड करण्यापुरताच. याचा व्यवहारातला अर्थ काय होता? निळीच्या मळेवाल्याने एखाद्या रयतेला जबर मारले, तर फिर्यादीने आणि त्याच्या साक्षीदारांनी शेतीभाती टाकून शेकडो मैलांवरील कलकत्त्यास जावे, परक्या शहरात महिनोन् महिने राहावे आणि न कळणाऱ्या भाषेत चालणाऱ्या न्यायालयात उभे राहावे. आगगाडी नव्हती, हाती पैसा नव्हता. फिर्याद करू नये असे कोणताही कायदा म्हणत नव्हता. फिर्याद करणे अशक्य होईल अशी व्यवस्था मात्र कायद्याने करून ठेवली होती.

१८३३ च्या सनदी कायद्याने इंग्रजांना हिंदुस्थानात येऊन वसण्याची व जमिनी घेण्याची मोकळीक दिली. तेव्हा विधिमंत्री मेकॉले याने प्रश्न उपस्थित केला की, जो या देशात राहून पैसा मिळविणार, त्याने या देशाच्या न्यायालयांना का मानू नये? १८३६ साली त्याने इंग्रजांना दिवाणी दाव्यांपुरते मुफस्सल न्यायालयांच्या कक्षेत आणले. एवढ्यावरच कलकत्त्याच्या गोऱ्या समाजाने त्या कायद्याला 'काळा कायदा' असे नाव देऊन मेकॉलेवर शिव्याशापांचा वर्षाव केला. तेरा वर्षांनी त्याच पदावर असलेल्या बेथ्यून याने फौजदारी बाबतीतही समता आणण्यासाठी मसुदे तयार केले. कलकत्त्यातील मुलींच्या शाळेमुळे ज्याचे नाव आजही आदराने घेतले जाते, तोच हा बेथ्यून. पुन्हा 'काळे कायदे' म्हणून ओरड झाली आणि या वेळी सरकार नमले. मसुदे गुंडाळून ठेवण्यात आले. त्यांच्या बाजूने पुस्तिका लिहिणारे रामगोपाल घोष यांना एका प्रतिष्ठित संस्थेच्या पदावरून दूर व्हावे लागले. पुढील शंभर वर्षांच्या झगड्याचे सारे स्वरूप या पहिल्या दोन प्रसंगांतच दिसून येते. एखादा सद्बुद्धीचा अधिकारी सुधारणा सुचवितो, अल्पसंख्य गोरा समाज गहजब करतो, आणि सरकार माघार घेते.

१८५८ साली राणीच्या जाहीरनाम्याने प्रजाजनांत भेद न करण्याचे अभिवचन दिले. १८६१ ची प्रक्रिया संहिता तयार झाली तेव्हा मात्र इंग्रज आरोपी पूर्वीप्रमाणेच वगळण्यात आला. १८७२ साली संहिता नव्याने रचताना थोडी सुधारणा झाली. गोऱ्या आरोपीचा खटला जिल्ह्यात चालविता येईल असे ठरले, पण तीन अटींवर. पहिली अट, मॅजिस्ट्रेट पहिल्या वर्गाचा व जस्टिस ऑफ दि पीस असावा आणि तो स्वतः युरोपियन ब्रिटिश प्रजाजन असावा. सेशन्स जज्जालाही हीच अट होती. दुसरी अट शिक्षेची. जो मॅजिस्ट्रेट हिंदी आरोपीला दोन वर्षांची कैद देऊ शके, त्याने गोऱ्या आरोपीला तीन महिन्यांहून अधिक कैद देऊ नये. जो सेशन्स जज्ज हिंदी माणसास, हायकोर्टाच्या मंजुरीने, फाशी देऊ शके, त्याने गोऱ्यास वर्षाहून अधिक कैद देऊ नये. तिसरी अट अशी की, त्याहून मोठी शिक्षा होण्यासारखा गुन्हा असेल तर खटला हायकोर्टाकडे पाठवावा. म्हणजे पुन्हा तेच लांबचे शहर आणि तीच परवड. या प्रसंगी मुंबईच्या सनदी सेवेतून वर गेलेले बॅरो एलिस यांनी हिंदी मॅजिस्ट्रेटांनाही हा अधिकार असावा अशी दुरुस्ती मांडली होती. ती सात विरुद्ध पाच मतांनी फेटाळली गेली. केवळ एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर पुढचा बराच इतिहास बदलला असता.

या व्यवस्थेत न्याय कसा होत असे, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १८७५ साली आग्र्यास फुलर नावाचा एक इंग्रज वकील रविवारी सकाळी सहकुटुंब चर्चला निघाला होता. गाडी दाराशी आली, पण कतवारू नावाचा मोतद्दार वेळेवर हजर नव्हता. तो आला तेव्हा फुलरने त्याच्या तोंडावर हाताने प्रहार केला आणि केस धरून ओढले. मोतद्दार खाली पडला, उठून शेजारच्या आवारात गेला, आणि थोड्याच वेळात मरण पावला. शवपरीक्षेत त्याची पाणथरी फुटल्याचे आढळले. हिवतापाच्या प्रदेशातील गरीब माणसाची पाणथरी बहुधा वाढलेलीच असते, आणि थोड्या धक्क्यानेही ती फुटू शकते. तेव्हा मृत्यूचे कारण धन्याचा प्रहार नव्हे, तर चाकराची पाणथरी, असा युक्तिवाद त्या काळच्या अशा खटल्यांतून वारंवार आढळतो. मॅजिस्ट्रेटने फुलरला साध्या दुखापतीबद्दल दोषी धरून तीस रुपये दंड केला आणि तो मृताच्या विधवेस द्यावा असा हुकूम केला. शिक्षा काहीशी सौम्य आहे, पण हस्तक्षेप करण्याइतकी नाही, असे अलाहाबादच्या हायकोर्टाने मत दिले.

येथे एक अनपेक्षित घटना घडली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन हा काही उदारमतवादी म्हणून प्रसिद्ध नव्हता. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा त्यानेच पुढे १८७८ साली केला. परंतु हे प्रकरण वाचून तो अस्वस्थ झाला आणि जुलै १८७६ मध्ये त्याने या निकालाचा कडक शब्दांत निषेध करणारा सरकारी लेख प्रसिद्ध केला. गुन्हा अधिक गंभीर नव्हता ना, याची चौकशीच मॅजिस्ट्रेटने केली नाही, असा त्याचा मुख्य आक्षेप होता. मॅजिस्ट्रेटला ठपका मिळाला. मग मात्र गोऱ्यांची वृत्तपत्रे खवळून उठली. एका माणसाचा जीव तीस रुपयांना गेला याचे त्यांना काही वाटले नाही. व्हाइसरॉयने न्यायालयाच्या स्वातंत्र्यावर घाला घातला, ही त्यांची तक्रार होती. एखाद्या मॅजिस्ट्रेटने कायदा मोडला असता, तर दोष एका माणसाचा ठरला असता. येथे कोणीच कायदा मोडला नव्हता. मॅजिस्ट्रेट, डॉक्टर, हायकोर्ट या साऱ्यांनी आपापले काम नियमानुसार केले होते, आणि या प्रकरणाची खरी भीषणता त्यातच आहे.

आता आपण १८८२ सालाकडे येऊ. सुरेंद्रनाथ बॅनर्जी व रमेशचंद्र दत्त यांच्याबरोबर १८६८ साली विलायतेस जाऊन सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले बिहारीलाल गुप्त हे कलकत्त्यास प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे काम पाहत होते. राजधानीच्या शहरांत हिंदी मॅजिस्ट्रेटला गोऱ्या आरोपीचा खटला चालविता येई, आणि गुप्तांनी तसे खटले चालविलेही होते. परंतु बढती मिळून ते जिल्ह्याच्या ठिकाणी जातील, तेव्हा हा अधिकार त्यांच्याकडे राहणार नव्हता. पदाने मोठे व्हावे आणि अधिकाराने लहान व्हावे, ही विसंगती त्यांनी एका टिपणाद्वारे बंगाल सरकारच्या निदर्शनास आणली. आपल्या मुंबई इलाख्यातही असेच उदाहरण होते. पहिले हिंदी सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकूर, ज्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, ते त्या सुमारास कारवारास जिल्हा न्यायाधीश होते. खुनाच्या खटल्यात हिंदी आरोपीला देहान्ताची शिक्षा सुनावण्याचा अधिकार त्यांना होता. पण कारवारच्या बंदरात एखाद्या गोऱ्या खलाशाने दारू पिऊन दंगा केला, तर त्याला पाच रुपये दंड करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. परीक्षा तीच, सनद तीच, शपथ तीच. कमी होता तो केवळ कातडीचा रंग.

गुप्तांचे टिपण व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्यापुढे गेले. प्रांतिक सरकारांची मते मागविण्यात आली आणि बहुतेकांनी अनुकूल अभिप्राय दिला. नुकतेच विधिमंत्री म्हणून आलेले सर कोर्टनी इल्बर्ट यांनी २ फेब्रुवारी १८८३ रोजी विधेयक मांडण्याची अनुमती मागितली. विधेयक म्हणावे तर अगदी साधे होते. हिंदी सनदी अधिकारी त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि त्यांतील जे वरच्या पदांवर पोहोचतील त्यांनाच हा अधिकार मिळावयाचा होता. तरीही त्यानंतर जे वादळ उठले, त्याला ब्रिटिश अमदानीत तोड नाही. २८ फेब्रुवारीस कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये गोऱ्यांची प्रचंड सभा भरली. तेथे एका बॅरिस्टराने हिंदी लोकांविषयी इतकी अभद्र भाषा वापरली की, पुढे त्याला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. संरक्षण संघ स्थापन झाला, वर्गण्या गोळा झाल्या, मळेवाले व व्यापारी एक झाले. व्हाइसरॉयच्या मेजवान्यांवर बहिष्कार पडला. रिपनला धरून चांदपाल घाटावर जहाजात घालावे आणि विलायतेस रवाना करावे असा कट शिजला होता, अशी हकीकत बकलंड या बंगालच्या सनदी अधिकाऱ्यानेच पुढे नोंदवून ठेवली आहे.

विरोधकांचा युक्तिवाद काय होता, हेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. ते म्हणत, आपल्या समकक्षांकडूनच आपला न्याय व्हावा हा इंग्रज माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. समुद्र ओलांडून आल्याने तो नष्ट होत नाही. ते असेही म्हणत की, मळ्यावर एकटा राहणारा गोरा माणूस शेकडो मजुरांनी वेढलेला असतो. त्याच्यावर खोटी फिर्याद रचणे सोपे असते, आणि आमच्या चालीरीती न जाणणारा हिंदी मॅजिस्ट्रेट तिला बळी पडेल. पहिला युक्तिवाद भारदस्त आहे; पण समकक्षांचा न्याय हा जर खरोखरच न्यायाचा प्राण असेल, तर तो हिंदी माणसालाही हवा. त्याच्या खटल्यात मात्र त्याची भाषा, जात, चालरीत यांतले काही न जाणणारा तेवीस-चोवीस वर्षांचा इंग्रज तरुण न्यायासनावर बसलेला चालत होता. दुसऱ्या युक्तिवादाचे उत्तर मळ्याच्या स्थितीतच होते. १८८२ च्याच एका कायद्याने आसामातील मळेवाल्याला पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार कायम ठेवला होता. ज्याच्या हाती असा अधिकार, तो दुर्बळ आणि ज्याला तो पकडू शकतो, तो सबळ, असे मानण्यास बरेच धैर्य लागते.

या विरोधात गोऱ्या स्त्रियांचे नाव पुढे करण्यात आले. हिंदी न्यायाधीशापुढे आमच्या स्त्रियांनी उभे राहावे काय, असा आक्रोश झाला. आश्चर्य असे की, बंगाली मुलींच्या शिक्षणासाठी या देशात आलेल्या आणि पुढे बाबरच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर करून कीर्ती मिळविलेल्या ॲनेट बेव्हरिज यांनीही विधेयकाविरुद्ध वृत्तपत्रात पत्र लिहिले. त्यांचे पती हेन्री बेव्हरिज हे बंगालमध्ये न्यायाधीश होते आणि ते विधेयकाचे उघड समर्थक होते. विद्या, सहानुभूती आणि सेवा एवढे सारे असूनही वंशाच्या प्रश्नापाशी येताच एखादे चांगले मनही कसे अडखळते, याचा हा दाखला आहे. पण त्याच घरात दुसरे मन अडखळले नाही, हेही विसरता कामा नये.

मुंबईने या प्रसंगी जे धोरण ठेवले ते स्मरणीय आहे. एप्रिल १८८३ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये विधेयकाला पाठिंबा देण्यासाठी सभा भरली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दिन तय्यबजी या तिघांची भाषणे तेथे झाली. एक मराठी, एक पारशी आणि एक मुसलमान, तिघेही कायद्याचे पंडित. कलकत्त्याच्या शिवीगाळीला शिवीगाळीने उत्तर न देता त्यांनी कायद्याची भाषा बोलून प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढले.

अखेरीस सरकार नमले. डिसेंबर १८८३ मध्ये तडजोड झाली आणि २५ जानेवारी १८८४ रोजी कायदा संमत झाला. वरवर पाहता तत्त्व मान्य झाले. हिंदी जिल्हा मॅजिस्ट्रेट व सेशन्स जज्ज यांना गोऱ्यांचे खटले चालविण्याचा अधिकार मिळाला. परंतु त्याचबरोबर गोऱ्या आरोपीला एक नवाच हक्क मिळाला. जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढेही त्याने ज्युरी मागावी, आणि त्या ज्युरीतील निदान निम्मे लोक युरोपियन किंवा अमेरिकन असावेत! हिंदी आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे ज्युरी मागण्याची सोयच नव्हती, आणि सेशन्स कोर्टातही ज्युरीची पद्धत मोजक्या जिल्ह्यांपुरतीच होती. पूर्वी न्यायासनावर गोरा असे. आता न्यायासनावर हिंदी माणूस बसू शके, पण निर्णयाची किल्ली गोऱ्या ज्युरीच्या हाती गेली. मळ्यांच्या मुलुखात ही ज्युरी कोणाची व्हावयाची? आरोपीच्या शेजारच्या मळेवाल्यांची, त्याच्याबरोबर क्लबात बसणाऱ्यांची. विषमता घालविण्यासाठी आणलेले विधेयक विषमतेला नवी तटबंदी देऊन गेले.

तथापि त्या पराभवातून एक धडा मिळाला. थोड्याशा गोऱ्यांनी संघ काढला, पैसा जमविला आणि सरकारला वाकविले, हे हिंदी सुशिक्षितांनी डोळ्यांनी पाहिले. डिसेंबर १८८४ मध्ये रिपन साहेब मायदेशी परतण्यासाठी निघाले, तेव्हा मुंबईने त्यांना अभूतपूर्व असा निरोप दिला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८५ मध्ये, त्याच मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. इल्बर्ट विधेयक हेच राष्ट्रसभेचे एकमेव कारण, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तो धडा ताजा होता एवढे निश्चित.

विशेषाधिकाराच्या या तटबंदीपुढे साक्षात व्हाइसरॉयचेही कसे चालत नसे, हे लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत दिसले. १८९९ साली रंगून येथे गोऱ्या सोजिरांनी एका ब्रह्मी स्त्रीवर अत्याचार केला; खटल्यात कोणासही शिक्षा झाली नाही. कर्झनने ती पलटण एडनला धाडून दिली. १९०२ साली सियालकोट येथे नवव्या लान्सर्स पलटणीच्या छावणीत अतू नावाच्या आचाऱ्याला बेदम मारहाण झाली आणि तो काही दिवसांनी मरण पावला. अपराधी सापडले नाहीत. अधिक खरे बोलावयाचे तर पलटणीने ते सापडू दिले नाहीत. कर्झनने साऱ्या पलटणीच्या रजा बंद करून तिला सामुदायिक शासन केले. पुढे जानेवारी १९०३ मध्ये दिल्ली दरबाराच्या संचलनात ही पलटण व्हाइसरॉयसमोरून जाऊ लागली, तेव्हा जमलेल्या गोऱ्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा व जयघोषाचा गजर केला. त्यांत सरकारचे पाहुणेही होते. कर्झन घोड्यावर बसून तो गजर ऐकत होता. त्याच्या साम्राज्यवादाविषयी आपले मत काहीही असो, त्या क्षणी तो एकाकी होता. न्यायासाठी हुकूम काढता येतो, पण ज्या समाजातून ज्युरी यावयाची, त्या समाजाचे मन असे असेल, तर हुकुमाने काय साधणार?

या प्रश्नाला पुन्हा हात घातला तो एका मराठी माणसाने. सप्टेंबर १९२१ मध्ये नव्या मध्यवर्ती कायदेमंडळात मुंबईचे नारायण माधव समर्थ यांनी, फौजदारी खटल्यांतील वंशभेद नाहीसे करण्याचा विचार व्हावा, असा ठराव मांडला. सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९२३ चा बारावा कायदा झाला. माझ्या हाती आलेल्या त्या पुस्तकातील चिठ्ठ्या याच कायद्याच्या होत्या. या दुरुस्तीत एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. बेकायदा अटकेत असलेल्या गोऱ्या माणसाला, तो मुफस्सलात असला तरी, हायकोर्टाकडे दाद मागता येई. मुफस्सलातील हिंदी माणसाला ती सोय नव्हती. १९२३ साली हा विशेषाधिकार काढून टाकण्याऐवजी तो सर्वांना देण्यात आला. समता आणण्याचे दोन मार्ग असतात. एकाचे जादा काढून घ्यावे, किंवा तेच सर्वांना द्यावे. जेथे विशेषाधिकार म्हणजे दुसऱ्यावर अन्याय करून सुटण्याची मुभा असते, तेथे पहिला मार्ग योग्य. जेथे तो स्वातंत्र्याचे संरक्षण असतो, तेथे दुसरा. एवढे चांगले करूनही त्या कायद्याने वंशाचे नाव पुसले नाही. गोरा आणि हिंदी यांच्यामधील खटल्यात, आरोपीने मागितल्यास त्याच्या वंशाच्या लोकांचे बहुमत ज्युरीत असावे, असे ठरले. आता हिंदी माणसालाही तो हक्क मिळाला. ही समता खरी, पण ती दोन वंशांमधील समता होती, माणसामाणसांमधील नव्हे. न्यायालयाच्या उंबरठ्यावर आरोपीला त्याचा वंश विचारण्याची प्रथा तशीच चालू राहिली.

ती संपली स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली संविधान सभेनेच, कायदेमंडळ म्हणून काम करीत असता, सतरावा कायदा संमत केला. त्याचे नावच फौजदारी कायद्यातील वांशिक भेदभाव दूर करणारा कायदा असे होते. तेहतिसावे प्रकरण गेले. दुसऱ्याच वर्षी संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढील समता हा मूलभूत हक्क झाला. मेकॉलेच्या पहिल्या प्रयत्नापासून मोजले तर एकशे तेरा वर्षे आणि इल्बर्ट विधेयकापासून मोजले तर सहासष्ट वर्षे लागली. १८९८ च्या संहितेची जागा पुढे १९७३ च्या संहितेने घेतली, तीत ज्युरीही राहिली नाही. आणि तिचीही जागा २०२४ पासून नव्या संहितेने घेतली आहे.

तथापि येथेच थांबलो तर हकीकत अर्धीच राहील. ज्या राज्याने जन्माकडे पाहून गोऱ्याला संरक्षण दिले, त्यानेच जन्माकडे पाहून दुसऱ्या काही माणसांना अपराधी ठरविले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि १८७२ ची प्रक्रिया संहिता ही एकाच राजवटीची पाठोपाठची कामे आहेत. एका कायद्याने पुराव्याला जात नसते हे तत्त्व मोडून गोऱ्याला सोडविण्याची वाट ठेवली; दुसऱ्याने तेच तत्त्व मोडून संपूर्ण जमातीच्या जमातींची नावे पोलिसांच्या नोंदवहीत घातली. हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, वसाहतीच्या कुंपणात राहावे, असे नियम त्यांना लागू झाले. सोलापूरच्या वसाहतीची आठवण आपल्याकडे अजून बुजलेली नाही. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु त्याच्या मागोमाग प्रांतोप्रांती सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ साली आला. या कायद्यांत जमातीचे नाव नाही. तरी गावात चोरी झाली की पारध्याच्या पालाकडे बोट दाखविण्याची सवय केवळ कायद्यातील नाव पुसल्याने गेली, असे कोणी छातीला हात लावून म्हणू शकेल काय?

गोऱ्यांच्या विशेषाधिकाराचा इतिहास आपण सहज संतापाने वाचतो, कारण त्यात अन्याय करणारे परके होते. त्यापासून घ्यावयाचा धडा मात्र आपल्याच घरासाठी आहे. न्यायातील विषमता ही बहुधा मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते. फिर्याद कोठे द्यावयाची, ती कोणी लिहून घ्यावयाची, साक्षीदाराला किती खेपा घालाव्या लागतात, जामिनाला किती रक्कम लागते, कोणाचे म्हणणे प्रथमदर्शनी खरे मानले जाते, या बारीकसारीक बाबींत ती बसलेली असते. आणि या बाबी माझ्यासारख्या सामान्य सरकारी नोकराच्या टेबलावरूनच जात असतात. बिहारीलाल गुप्तांनी काही क्रांती केली नाही. नियम वाचला, त्यातील विसंगती पाहिली आणि वरिष्ठांस एक टिपण लिहिले. बाकीचा इतिहास त्या टिपणाने घडविला.

ते जीर्ण पुस्तक मी पुन्हा दप्तरखान्यात ठेवून दिले. कालबाह्य पुस्तके नष्ट करावीत असा नियम आहे, हे मला ठाऊक होते. परंतु त्या तांबड्या रेघेखालचा मजकूर अजून वाचता येतो, आणि नव्याने नोकरीत येणाऱ्या कोणीतरी तो एकदा वाचावा असे वाटले, म्हणून मी त्या पुस्तकाला हात लावू दिला नाही.